कोणाच्या हाताने मोजायचे?

वास्तुकलेच्या चर्चेत ‘मानवी प्रमाण’ हा शब्दप्रयोग मंत्रासारखा उच्चारला जातो. इमारत देहाच्या मापाने घडली की ती आपोआप माणुसकीची होते, असे गृहीत धरले जाते. आमचा आक्षेप या गृहीतकालाच आहे.

मराठीतली मोजमापाची जुनी भाषा देहाचीच आहे: बोट, वीत, हात. विहिरीची खोली तर आपण ‘पुरुष’ या मापाने सांगत आलो. हा पुरुष कोण, हे मात्र कोणी विचारले नाही. ‘बृहत्संहिते’त घरांची मापे हातांतच दिली आहेत आणि ती वर्णानुसार घटत जातात. ल कार्बुझिएने आपल्या ‘मॉड्युलर’साठी आधी १७५ सेंटिमीटर उंचीचा माणूस प्रमाण मानला, पुढे १८३ सेंटिमीटरचा. त्या प्रमाणपुरुषात बाई, मूल वा म्हातारा यांना जागा नाही.

नागपुरात या प्रश्नाचे उत्तर दीक्षाभूमीवर उभे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह येथे धम्मदीक्षा घेतली. शेओ दान मल यांनी रचलेला आणि २००१ साली खुला झालेला येथील स्तूप सांचीच्या धर्तीवर आहे. परंतु सांचीचा स्तूप भरीव, हा पोकळ. तिथे माणूस प्रदक्षिणा घालतो, इथे आत जातो. १२० फूट उंचीच्या या वास्तूपुढे एकट्या माणसाचा देह इवलासा दिसतो. तरीही ज्यांना शतकानुशतके उंबऱ्याबाहेर ठेवले गेले, त्यांना आत घेणारी ही वास्तू आम्हांला कोणत्याही प्रमाणबद्ध वाड्याहून अधिक मानवी वाटते.

१ जुलै २०२४ रोजी येथील भूमिगत वाहनतळाविरुद्ध लोक उसळले आणि शासनाला त्याच दिवशी कामाला स्थगिती द्यावी लागली. स्तूपाला धोका पोहोचेल, ही त्यांची भीती होती. आमच्या मते त्यात आणखी एक प्रश्न दडला होता: पायी येणाऱ्या लाखोंच्या जागेचे माप मोटारीने ठरवायचे काय?

पायरी पावलाला आणि कट्टा बसणाऱ्याला बेतूनच बांधावा लागतो, हे आम्हांला मान्य आहे. पण पाऊल कोणाचे, हे आधी ठरते आणि माप नंतर येते. दलित साहित्याने मराठी समीक्षेला विचारले होते: तुमच्या ‘माणसा’त आम्ही आहोत काय? वास्तुशास्त्राच्या वर्गातही हा प्रश्न फूटपट्टी हाती घेण्याआधी विचारला गेला पाहिजे.