चौकटीतील पाहुणी
महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. अदिती तटकरे २०१७ मध्ये रायगड जिल्हा परिषदेच्या अध्यक्षा झाल्या, २०१९ मध्ये श्रीवर्धनमधून आमदार. त्यांच्या पाठीशी घराण्याचा वारसा होता. अलिबाग-मुरूड पट्ट्यातील सामान्य घरातल्या सरपंच भगिनीला मात्र आपली ओळख स्वतःच घडवावी लागते.

पण फेसबुकवरील छायाचित्रांत बहुधा काय दिसते? काठपदराची साडी, सणाच्या शुभेच्छा, वर नेत्यांची रांग आणि शेजारी पतिराज! साडीत गैर काहीच नाही. ती आपली संस्कृती आहे. खटकते ते एवढेच की, ग्रामसभा चालविणारी, पाणीयोजनेच्या कामावर उभी असलेली सरपंच त्यात सापडत नाही. कायद्याने खुर्ची दिली. चित्रात ती अजून पाहुणीच आहे. घरच्या कार्यकर्त्यांनीच आता चौकटीबाहेर व्हावे.