न उमटलेला वळ

बडोद्याच्या मराठी माणसाला चित्राचे महत्त्व सांगायला नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून पौराणिक चित्रे करवून घेतली. त्यांत कीचक आणि सैरंध्रीचेही चित्र आहे. कीचकाने हात लावण्याआधीच सैरंध्रीची कोंडी झालेली होती. राणीची आज्ञा मोडता येत नव्हती आणि अज्ञातवासामुळे खरे नाव सांगता येत नव्हते. १९०७ साली खाडिलकरांनी 'कीचकवध' नाटक आणले, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन बरोबर ओळखला. परक्या सत्तेची जबरदस्ती आपण ओळखली. घरातली मात्र अजून ओळखत नाही.

२०१३ साली मुंबईतील एका मोहिमेत देवींच्या चेहऱ्यांवर माराचे वळ दाखवणारी चित्रे झळकली. देशभर चर्चा झाली. पण जिथे हात उगारलाच जात नाही, तिथे चित्रकाराने काय रंगवावे?

बँकेच्या काउंटरवर त्याचे उत्तर रोज दिसते. पगार बाईच्या खात्यात, एटीएम कार्ड आणि पिन नवऱ्याकडे. शिल्लक विचारायची तरी ती आधी त्याच्या तोंडाकडे पाहते. घरी मोबाईल तपासला जातो, माहेरी जायला परवानगी लागते. वळ उठत नाही, म्हणून तक्रार होत नाही. उलट "नवरा किती काळजी घेतो" असे कौतुकच होते.

२६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचारच मानतो. कायद्याचे कलम घरोघरी वाचले जात नाही. चित्र मात्र आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना कळते.

म्हणून आमची सूचना अशी, की यंदा गणेशोत्सवाचा देखावा आणि रांगोळी प्रदर्शन याच विषयावर व्हावे. रक्त, जखमा नकोत. दुसऱ्याच्या खिशातले पासबुक, फोनवर बोलणाऱ्या सुनेमागे उभी असलेली सावली, एवढे पुरे. आपल्या ललित कला शाखेतील विद्यार्थ्यांची मदत घ्यावी. प्रत्येक चित्राखाली महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक ठळक लिहावा. मते मागायला येणाऱ्या उमेदवारांनाही मांडवात उभे करून विचारावे: आपल्या जिल्ह्यात संरक्षण अधिकारी किती आहेत आणि ते कुठे भेटतात?

"घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?" असे काही ज्येष्ठ म्हणतील. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो लोकांना जागे करण्यासाठीच. देखाव्यासमोर एखादी बाई थांबली आणि 'हे तर माझेच' असे तिला वाटले, तरी वर्गणी सार्थकी लागली असे समजू.