कुलवृत्तांताचें दप्तर

गेल्या महिन्यांत लोणच्याविषयीं लिहून या महिन्यांत आम्ही एकदम संगणकाकडे वळलों, याचें कांहीं वाचक-भगिनींना नवल वाटेल. परंतु ज्या प्रसंगानें ही गोष्ट आमच्या घरांत शिरली तो प्रसंग मुळीं घरगुतीच आहे. आणि त्यांतील चूक सर्वस्वीं आमची असल्यामुळें ती सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

नागपुरास नंदनवनांतील आमच्या घरीं कुलवृत्तांताचें काम बरींच वर्षें चाललें आहे. तीर्थरूपांनीं केलेलीं टिपणें आम्ही सवडीनें संगणकावर उतरवून घेत असतों. पुरुषांच्या पिढ्या जुळविण्यास फारशी अडचण पडत नाहीं. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतून त्या सांपडतात. अडचण पडते ती घरांत आलेल्या सुनांची. श्राद्धाच्या संकल्पांत आई, आजी, पणजी यांचीं नांवें येतात खरीं, पण तींहि सासरचींच. माहेरचें नांव एकदां पुसलें गेलें कीं तें सांगणारें माणूस असेतोंवरच जिवंत.

आमच्या थोरल्या काकूंना अशीं तेवीस नांवें तोंडपाठ होतीं. एका पावसाळी दुपारीं त्यांच्या पलंगाशीं बसून आम्हीं तीं टिपून घेतलीं आणि त्याच संध्याकाळीं संगणकावरील प्रतींत घातलीं. मात्र कोणत्या प्रतींत? ‘कुलवृत्तांत अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम नवा’ आणि ‘हाच खरा अंतिम’ अशा चार प्रती आमच्याकडे गुण्यागोविंदानें नांदत होत्या. पांचवी पुण्यास चुलत बंधूंकडे. पुढें त्यांनीं आपल्या दुरुस्त्यांसह ती पाठविली. ती ठेवून देतांना ‘याच नांवाची प्रत आहे, ती बदलूं काय?’ असें संगणकानें विचारलें, आणि आम्हीं चहा घेतां घेतां ‘होय’ म्हटलें. तेवीस नांवें गेलीं. टिपणाचा कागद आधींच रद्दींत गेला होता. हें आमच्या ध्यानांत आलें तेव्हां काकूंना जाऊन दोन महिने झाले होते.

आमचा धाकटा पुतण्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो. हकीकत ऐकून तो बराच वेळ गप्प बसला आणि मग एवढेंच म्हणाला, “काका, आतां याचा नीट प्रोजेक्ट करूं या.” प्रोजेक्ट म्हणजे परीक्षेसाठीं करतात तो, अशी आमची समजूत होती. त्याच्या बोलण्याचा अर्थ निराळा होता.

प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपला मजकूर कोड-एडिटरमध्यें लिहितात. (एडिटर म्हणतांच आमच्या डोळ्यांपुढें या मासिकाचे संपादक उभे राहतात, हा एडिटर मजकूर कापीत नाहीं, हा मोठाच फरक.) पुतण्यानें घातला तो मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड. तो २०१५ सालीं निघाला व फुकट मिळतो. प्रोग्रॅमसाठीं केलेलें हें साधन साध्या मजकुरालाहि तितकेंच चालतें. अट एकच: मजकूर युनिकोडमध्यें पाहिजे. आमचा अर्धाअधिक मजकूर जुन्या फॉंटांत होता. तो एडिटरमध्यें उघडतांच निव्वळ रोमन अक्षरांची खिचडी दिसली, आणि तो बदलून, तपासून घेण्यांत एक अख्खा महिना गेला. असो.

पुतण्यानें आम्हांला प्रथम सांगितलें तें असें: फाईल उघडूं नये, फोल्डर उघडावा. ऐकण्यास ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सारी मेख येथेंच आहे. एकच फाईल उघडली तर एडिटरला तेवढेंच पान दिसतें; फोल्डर उघडला तर सारें दप्तर त्याच्या नजरेखालीं येतें. जुन्या कारकुनांनीं एका प्रकरणाचे कागद एका रुमालांत बांधावे, तसा हा प्रकार. आमच्या रुमालांत आतां घराण्याच्या प्रत्येक शाखेची एकेक फाईल आहे, जुन्या पत्रांच्या व छायाचित्रांच्या प्रतिमांचा निराळा फोल्डर आहे, आणि वरच ‘आधीं हें वाचा’ या नांवाचें एक पान आहे. काय कोठें आहे, तारखा कोणत्या पद्धतीनें लिहावयाच्या, शंका असेल तेथें कोणतें चिन्ह घालावयाचें, हें त्यांत लिहिलें आहे. हें पान प्रथम आम्हांला उगाच वाटलें होतें. पुण्याच्या बंधूंनीं एकहि प्रश्न न विचारतां कामास आरंभ केला तेव्हां त्याचें मोल कळलें. एखाद्या गंगाबाईंचा शोध घ्यावयाचा असेल तर आतां सर्व फाईलींतून एकदम घेतां येतो. अक्षरसंकेत, ओळींची मांडणी वगैरे व्यवस्थाहि त्याच फोल्डरांत नोंदलेली असल्यामुळें नागपूर व पुणें येथें मजकूर सारखाच दिसतो.

परंतु आमची जखम होती प्रतींची. तिच्यावरचा उपाय गिट या साधनांत निघाला. हें एडिटरहून वेगळें असून निराळें बसवावें लागतें. लिनस तोरवाल्ड्‌स यांनीं २००५ सालीं लिनक्सच्या कामासाठीं तें तयार केलें. जगभरचे शेंकडों लोक एकाच मजकुरावर काम करीत असतां कोणाचें कांहीं हरवूं नये, ही त्यांची गरज होती. प्रत एकच ठेवावयाची. एक काम पुरें झालें कीं त्याची नोंद करावयाची व तींत काय बदललें आणि कां, हें एका ओळींत लिहावयाचें. कोणतीहि जुनी नोंद केव्हांहि उघडून पाहतां येते. आमच्या घराजवळच्या चौकाला संताजी जगनाडे यांचें नांव आहे. तुकोबांचे अभंग ज्यांनीं लिहून ठेवले त्या संताजींच्या नांवावरून रोज भाजीची पिशवी घेऊन जाणाऱ्या आम्हांला प्रत सांभाळण्याची अक्कल इतक्या उशिरां यावी, याची खंत वाटते.

गिटमध्येंहि ‘शाखा’ असतात हें ऐकून घरांत बरीच करमणूक झाली. पुण्याचे बंधु आपल्या शाखेंत लिहितात, आम्ही आपल्या; मग दोन्हीं एकत्र करावयाच्या. एकाच ओळींत दोघांनीं निरनिराळें लिहिलें असेल तर गिट स्वतः निवाडा करीत नाहीं. दोन्हीं पाठ समोर मांडून थांबतें. आजोबांचें जन्मवर्ष आमच्याकडे १९११ आणि त्यांच्याकडे १९१३ होतें. पूर्वी असल्या गोष्टीचा निकाल ज्याची प्रत शेवटीं पोंचेल त्याच्या बाजूनें लागत असे. आतां शाळेचा दाखला शोधावा लागला. तो १९१३ चा निघाला, आम्ही हरलों.

वंशवृक्षाचें चित्र काढण्यासाठीं पुतण्यानें पायथॉन भाषेंत एक छोटा प्रोग्रॅमहि लिहिला. त्याला लागणारी उपकरणें तो याच फोल्डरांत स्वतंत्र ठेवतो. दुसऱ्या प्रोजेक्टला त्याच उपकरणाची निराळी आवृत्ति लागली तर दोहोंत भांडण नको. आजीला हें सोंवळ्याच्या भांड्यांवरून तत्काळ समजलें. आम्हांला दोनदां विचारावें लागलें. हीं उपकरणें पुण्यास पाठवावीं लागत नाहींत. त्यांची यादी पाठविली कीं तेथें तीं पुन्हा उभीं करतां येतात.

एका बाबतींत मात्र पुतण्यानें आम्हांला चांगलेंच अडविलें. हयात मंडळींच्या जन्मतारखा आणि फोन नंबर आम्ही उत्साहानें भरूं लागलों होतों. ती फाईल त्यानें वेगळी काढून गिटच्या वर्ज्य यादींत घातली. कारण एकदां नोंद झाली म्हणजे पुढें मजकूर खोडला तरी तो इतिहासांत राहतोच. जो गुण आमच्या कामीं आला तोच येथें घातक ठरला असता.

काकूंच्या तेवीस नांवांपैकीं चौदा परत मिळालीं आहेत. कांहीं लग्नपत्रिकांवरून, कांहीं ट्रंकेंतल्या पत्रांवरून, आणि दोन तर शेजारच्या घरांतील नव्वदीच्या बाईंच्या आठवणींतून. प्रत्येक नोंदींत नांव कोठून मिळालें तें लिहिलें आहे. उरलेल्या नऊ जागीं ठरलेलें शंकाचिन्ह आहे. तें शोधलें कीं नऊहि ओळी एकाखालीं एक दिसतात. दिवाळींत वर्ध्याच्या आत्या येणार आहेत. त्या यावयाच्या आधीं तेवढ्या नऊ ओळी मोठ्या अक्षरांत छापून ठेवण्याचें पुतण्यानें कबूल केलें आहे.