मागे पाहण्याची जबाबदारी

मोटार मागे घेताना कोणीतरी खाली उतरावे आणि 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत हात हलवावा, ही आपल्याकडील जुनी रीत. आज मोटारी वाढल्या, खाली उतरणारा माणूस मात्र दिसेनासा झाला. गृहनिर्माण संस्थांच्या आवारात मोटारी उभ्या करण्याची आणि मुलांच्या खेळण्याची जागा बहुधा एकच असते. अशा स्थितीत मोटारीच्या मागे बसवावयाचा कॅमेरा हा श्रीमंतांचा शौक मानणे योग्य नव्हे.

चालकासमोरचा आरसा कितीही स्वच्छ असला, तरी मागील काचेच्या खालच्या कडेखाली जे आहे ते त्यात दिसणे शक्य नाही. दोन-तीन वर्षांचे मूल त्या कडेहून ठेंगणे असते. उंच बांधणीच्या गाड्यांत तर हा आंधळा पट्टा अधिकच लांबतो. दोष केवळ चालकाच्या निष्काळजीपणाचा नाही, वाहनाच्या रचनेचाही आहे.

अमेरिकेत हे सत्य एका घरावर कोसळलेल्या आपत्तीतून कायद्यापर्यंत पोचले. २००२ साली कॅमेरॉन गुलब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा स्वतःच्याच वडिलांच्या मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून मृत्यू पावला. वडील मुलांचे डॉक्टर होते. २००८ साली त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. नियम मात्र लांबत जाऊन २०१४ साली निघाला आणि मे २०१८ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना पूर्णपणे लागू झाला. गाडीमागील १० फूट रुंद व २० फूट लांब पट्टा चालकाला दिसलाच पाहिजे, असे तो सांगतो. अशा अपघातांत तेथे वर्षाला सुमारे २१० माणसे दगावतात, असा नियम करताना सरकारी यंत्रणेचा अंदाज होता. त्यांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले आणि २६ टक्के सत्तरी गाठलेले वृद्ध होते.

आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु ही यंत्रणा सहसा केवळ वाजते. मागे भिंत आहे, कुत्रे आहे की मूल, हे ती सांगत नाही. बुटकी वा बारीक वस्तू तिच्या टप्प्यातून निसटूही शकते. शिवाय त्यापूर्वीच्या असंख्य गाड्या या सक्तीबाहेरच आहेत.

या जुन्या गाड्यांसाठी आरशातच पडदा असलेला कॅमेरा हा सोयीचा उपाय होय. चालकाची नजर जेथे जाण्यास सरावलेली आहे, तेथेच चित्र उमटते. मात्र तो नीट बसवला पाहिजे. कॅमेरा क्रमांकपट्टीच्या वर, मधोमध असावा. रिव्हर्स गिअर टाकताच लागणाऱ्या दिव्याच्या तारेशी तो जोडला म्हणजे चित्र आपोआप येते; ही जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. चित्र आरशाप्रमाणे डावे-उजवे पालटलेले हवे, अन्यथा चालक नेमका उलट दिशेला वळेल. पडद्यावरील रंगीत रेघांवर आंधळा विश्वास ठेवू नये. जमिनीवर एक, दोन व तीन मीटरवर खडूच्या रेघा ओढून त्या पडताळून घ्याव्यात, कारण रुंद भिंगातून जवळची वस्तूही दूर भासते. पावसाळ्यात भिंगावर चिखल बसतो, तो रोज पुसावा लागतो.

यंत्रामुळे चालक बेसावध होईल, हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. बाजूने धावत येणारे मूल पडद्यावर उमटेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. म्हणून गाडीत बसण्यापूर्वी मागे एक फेरी मारणे, मान वळवून पाहणे आणि सावकाश सरकणे यांतून कोणाचीच सुटका नाही. पण त्या कारणाने यंत्रच नाकारणे म्हणजे चष्म्याने डोळे आळशी होतात म्हणून तो न लावण्यासारखे आहे.

सरकारने नव्या मोटारींसाठी केवळ आवाजावर न थांबता चित्रही सक्तीचे करावे. तोवर शाळांनी मुलांची ने-आण करणाऱ्या गाड्यांसाठी आणि गृहनिर्माण संस्थांनी आपल्या सभासदांसाठी हा आग्रह धरण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. बंपरचा रंग वाचावा म्हणून कॅमेरा बसवणारे पुष्कळ आहेत. तो मागच्या माणसासाठी आहे, ही जाणीव रुजणे अधिक महत्त्वाचे आहे.