नव्या कार्डावरचा आळ

विजय नगरात राहावयास आल्यापासून आमच्या घरची शनिवारची रात्र एका ठरावीक क्रमाने जाते. नऊच्या सुमारास जेवणे आटोपतात, आम्ही सकाळचे राहिलेले वर्तमानपत्र उघडतो आणि आतल्या खोलीतून चिरंजीवांचा आवाज येऊ लागतो : "अरे डावीकडून ये... थांब, थांब... मेलास ना शेवटी!" हा संवाद चालतो पुण्याच्या मावसभावाशी. दोघे आपापल्या घरी संगणकापुढे बसून एकच खेळ खेळतात आणि कानाला यंत्र लावून दोन-दोन तास बोलतात.

संगणकावरील खेळांविषयी आमचे मत शिक्षकाचे असावे तसेच होते. परंतु एक गोष्ट आम्हांस नाकारता येत नसे. महाविद्यालयात हिंदी, अभ्यासात इंग्रजी आणि मित्रांत "क्या भिया" यांवर ज्याचा आठवडा जातो, तो मुलगा आपल्या वयाच्या कोणाशी मराठीत भांडतो ते केवळ शनिवारी रात्री. म्हणून आम्ही वर्तमानपत्र जरा वर धरीत असू आणि काही बोलत नसू.

गेल्या दिवाळीनंतर हा आवाज एकाएकी बंद पडला. त्याची ही हकीकत. आज कित्येक घरांत असे संगणक आहेत, तेव्हा ती वाचकांस उपयोगी पडेल असे वाटते.

संगणकाच्या पेटीत पडद्यावरील चित्र रंगविणारा एक स्वतंत्र भाग असतो. त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. आमच्याकडचे कार्ड २०१६ साली बाजारात आलेल्या जीटीएक्स १०५० टीआय या जातीचे होते. नवे खेळ त्यास झेपेनात. चिरंजीवांनी शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवून वर्षभर पैसे साठविले आणि शहरातील एका दुकानातून आरटीएक्स ३०६० या जातीचे वापरलेले कार्ड आणले. दुकानदाराने पंधरा दिवसांची तोंडी हमी दिली होती.

कार्ड बसले, चित्र उमटले, खेळ सुरू झाला. बाराव्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. पत्रे लिहिताना, चित्रपट पाहताना काही होत नसे. खेळ उघडला की दहा-पंधरा मिनिटांत अंधार.

घरात तीन निदाने झाली. चिरंजीव म्हणाले, "कार्ड खराब निघालं, बाबा." सौभाग्यवतींनी इन्व्हर्टरवर संशय घेतला. आम्ही म्हणालो, "खेळच बंद करा, म्हणजे संगणकही बंद पडणार नाही." या वाक्यानंतर चिरंजीव दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

मग आमच्यातील मुख्याध्यापक जागा झाला. चौथ्या दिवशी कार्ड घेऊन आम्ही त्या दुकानी गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत, वर्गात बोलावे तशा आवाजात, दुकानदारास खराब माल विकल्याबद्दल सुनावले. तो तरुण मनुष्य शांतपणे म्हणाला, "सर, आप बैठिए. आपके सामने चला के दिखाता हूँ." त्याने ते कार्ड आपल्या संगणकात बसविले आणि तोच खेळ लावला. आम्ही स्टुलावर सव्वा तास बसलो. कार्ड एकदाही अडखळले नाही. तो म्हणाला, "पंद्रह दिन में जब चाहें वापस ले लूँगा. बस एक बार घर का पावर सप्लाई देख लीजिए."

आम्ही कार्ड उचलले आणि निघालो. परतताना आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक नवा मुलगा दाखल झाला आणि त्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या खिडकीची काच फुटली. आधी कधी न फुटलेली काच हा आल्यावरच कशी फुटली, असे सर्वांनी म्हटले. आम्हीही म्हटले आणि त्यास तास-दोन तास बाहेर उभे केले. पुढे सुतार आला तेव्हा कळले की, चौकट वाळवीने आतून पोखरली होती. खिडकी जोराने लावताच काच निसटली होती. आम्ही त्या मुलाशी बोलावयाचे ठरविले, तोवर त्याच्या वडिलांची बदली झाली होती.

जे नवे आले त्याच्यावर आळ घेणे सोपे असते. परंतु नवा आल्यावर जुन्यावर पडणारा भारही बदलतो, हे आपण विसरतो.

त्या रात्री आम्ही एक कोरी वही चिरंजीवांपुढे ठेवली आणि एकच नियम सांगितला : एका वेळी एकच बदल करावयाचा आणि काय घडले ते लिहावयाचे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तरी तो कशाने गेला हे कळत नाही.

पहिली नोंद लक्षणांची. पडदा गोठून केवळ खेळ बंद पडतो, की सबंध संगणकच पुन्हा सुरू होतो? पहिल्या प्रकारात बहुधा कार्ड चालविणाऱ्या प्रणालीकडे, म्हणजे ड्रायव्हरकडे, नाहीतर स्मृतीकडे बोट जाते. पडद्यावर वेडेवाकडे ठिपके व पट्टे उमटले तर कार्डाची स्मृती वा उष्णता तपासावी. एखादे बटण दाबावे तसा संगणक क्षणात बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर आधी वीजपुरवठा पाहावा. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची नोंदवही असते. ४१०१ या क्रमांकाची नोंद सांगते की, ड्रायव्हरने उत्तर देणे थांबविले होते व तो पुन्हा सावरला. विंडोज त्यासाठी साधारणतः २ सेकंद वाट पाहते. ४१ या क्रमांकाची नोंद इतकेच सांगते की, संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. कारण ती सांगत नाही. आमच्याकडे ४१ क्रमांकाच्या नऊ नोंदी सापडल्या, ४१०१ ची एकही नाही.

दुसरी नोंद बैठकीची. वीज पूर्ण तोडून कार्ड काढले, पुन्हा खाचेत बसविले, खिट्टी लागल्याची खात्री केली. फरक नाही.

तिसरी नोंद ड्रायव्हरची. जुन्या कार्डाचे अवशेष संगणकात राहून नव्याशी भांडू शकतात. 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' ही विनामूल्य प्रणाली सेफ मोडमध्ये चालवून ते झाडून टाकता येतात. मग कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यावा. तेही केले. फरक नाही.

चौथी नोंद उष्णतेची. या कार्डाची कमाल मर्यादा ९३ अंश सेल्सियस आहे. आमचे ७१ अंशांवर असतानाच अंधार होत होता. म्हणजे उष्णताही निर्दोष.

राहिली वीजपेटी. हिच्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट असे छापलेले होते आणि त्याच आकड्यावर विसंबून आम्ही इतके दिवस तिला निर्दोष मानले होते. चिरंजीवांनी विजेरी धरून बारीक अक्षरे वाचली : १२ व्होल्टच्या धारेवर २० अँपिअर. बारा गुणिले वीस म्हणजे २४० वॅट. मोठा आकडा सर्व धारांची बेरीज दाखवीत होता. परंतु कार्ड व मुख्य प्रोसेसर या दोघांचे पोषण जवळजवळ सर्वस्वी १२ व्होल्टच्या धारेवर होते. जुने कार्ड ७५ वॅट घेत असे. तितकी वीज मदरबोर्डाची खाच स्वतःच देऊ शकते. त्यात प्रोसेसरचे ६५ मिळवले तर १४०. नवे कार्ड १७० वॅट घेते. १७० अधिक ६५ म्हणजे २३५. पंखे आणि डिस्क यांचा हिशेब अजून बाकीच. शिवाय अशी कार्डे खेळात क्षणभर सरासरीहून पुष्कळ अधिक वीज ओढतात. याच कारणाने इंटेलने २०२२ साली जाहीर केलेल्या एटीएक्स ३.० या नियमावलीत नव्या पेट्यांनी क्षणमात्र दुप्पट भारही सोसावा अशी अपेक्षा धरली आहे. आमची पेटी सात वर्षांची म्हातारी; तिने हात टेकले तर नवल नव्हते. कार्डाची आठ टाचण्यांची वीजजोडणीही तिच्यात नव्हती. जोडतुकडा लावून काम भागविले होते.

तरीही हा तर्कच. खात्रीसाठी 'आफ्टरबर्नर' या विनामूल्य प्रणालीने कार्डाची वीजमर्यादा ७५ टक्क्यांवर आणली. खेळ दोन तास चालला. मर्यादा पुन्हा १०० केली. चौदाव्या मिनिटाला अंधार. पुन्हा ७५ केली. पुन्हा दोन तास सुरळीत. पैसा न खर्चता दोष सापडला होता. सूचना एवढीच की, वीजपेटी कोणी घरी उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यात घातक विद्युतभार राहतो. ती बदलावी, दुरुस्त करू नये.

आळ भलत्यावर जाणे हे केवळ आमच्याच घरी घडले असे नाही. २०२४ साली जगभर अनेकांचे खेळ बंद पडू लागले आणि पडद्यावर संदेश येई की, ग्राफिक्सची स्मृती अपुरी आहे. लोकांनी कार्डांना दोष दिला. पुढे इंटेलने मान्य केले की, आपल्या १३व्या व १४व्या पिढीच्या काही प्रोसेसरांत विजेचा दाब अवाजवी वाढत होता. ऑगस्टपासून सुधारणा दिल्या आणि हमीची मुदत २ वर्षांनी वाढविली. तक्रार कार्डाच्या नावाने उमटत होती, दुखणे दुसरीकडेच होते. म्हणून वीजपेटी निर्दोष ठरली, तर पुढची तपासणी स्मृतीची व प्रोसेसरची करावी.

हमीच्या अकराव्या दिवशी आम्ही त्याच दुकानी गेलो. दुकानात गर्दी होती, हे बरेच झाले. जितक्या मोठ्याने त्या दिवशी बोललो होतो तितक्याच मोठ्याने म्हणालो, "उस दिन गलती हमारी थी. माल अच्छा था." तो तरुण ओशाळला आणि म्हणाला, "अरे सर, चाय मँगाता हूँ." १२ व्होल्टच्या धारेवर ५०० वॅटहून अधिक देणारी ५५० वॅटची पेटी आम्ही त्याच्याकडूनच घेतली. तिचे पैसे आम्ही दिले. "खेळच बंद करा" या वाक्याचा तो दंड होता, असे आम्ही मानतो.

आता शनिवारी पुन्हा "मेलास ना शेवटी!" ऐकू येते. परवा संगणकापाशी ती वही दिसली. चिरंजीवांनी पहिल्या पानावर आमचा नियम ठळक अक्षरांत लिहून ठेवला आहे : "एका वेली एकच बदल." 'ळ' हे अक्षर शहरात रोज भेटत नसल्याने असे होते. आम्ही सवयीने तांबडे पेन उचलले. मग ते खिशात ठेवले आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेर येऊन बसलो.