गांवची गोळी गांवांतच मिळावी

रक्तदाब व मधुमेह हे विकार सावकारी व्याजाप्रमाणें मुकाट्यानें वाढतात. कर्ता पुरुष पक्षाघातानें अंथरुणास खिळला म्हणजे घराचे डोळे उघडतात. सपाट मुलखांत ३०,००० लोकांमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें, असा सरकारी दंडक आहे. पण नित्याच्या गोळीसाठीं शेतमजुरानें दरमहा मजुरी बुडवून तेथवर जावें काय? जामखेडास १९७० सालापासून डॉक्टर आरोळे दांपत्यानें अल्पशिक्षित ग्रामस्त्रियांस शिकवून गांवचें आरोग्य त्यांच्या हातीं सोंपविलें. आज गांवोगांव ‘आशा’ सेविका आहेत. त्यांस रक्तदाब मोजण्याचें यंत्र, गोळ्यांचा सांठा व योग्य वेतन द्यावें, असें आमचें सरकारास सांगणें आहे. थकलेल्या उधारीसाठीं दुकानदार दारीं जातो. चुकलेल्या गोळीसाठीं कोणीच जाऊं नये काय?