वेतोबा कोणाच्या डोक्यात राहत नाही

वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत ग्रामदैवत वेतोबासमोर चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा मांडलेल्या असतात. देव रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, तळ झिजतात, म्हणून नवस फेडणारा नवा जोड वाहतो. या श्रद्धेचं हल्ली एक तयार स्पष्टीकरण मिळतं: वेतोबा म्हणजे सामूहिक अबोध मनातला आदिबंध, आपल्याच दडपलेल्या भयाची सावली. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचं नाव घेतलं की आयर्लंडच्या टेकड्यांखालचे यक्षगण आणि वेंगुर्ल्याचा वेतोबा एकाच कपाटात बसतात.

‘निव्वळ अंधश्रद्धा’ म्हणणाऱ्यापेक्षा असं स्पष्टीकरण देणारा माणूस सुसंस्कृत वाटतो, पण दोघंही देवाला गावातून उचलून माणसाच्या कवटीतच नेऊन ठेवतात.

यात युंगवरही अन्याय होतो. या प्रतिमा आपण घडवत नाही, त्या स्वतःहून बोलतात, असं तो मानत असे. त्यांच्याशी तो बोलतही असे. मात्र ते बोलणं एकट्याचं, वहीत उतरवलेलं. आपल्याकडे गाऱ्हाणं देवळात, चारचौघांत घालतात. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, एकेक मागणं मांडतो: पोराची नोकरी, अडलेलं लग्न, आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मग देवाचा कौल घेतात. उजवा, म्हणजे होकाराचा, मिळाला नाही तर देवाशी चक्क घासाघीस. अबोध मनाशी अशी घासाघीस कोण करतो?

कोकणातल्या दशावतारी नाटकातला संकासुर घ्या. काळा वेश, वेद पळवणारा असुर. युंगच्या सिद्धान्ताप्रमाणे ही सावली, तिला गंभीरपणे सामोरं जायचं. आमच्याकडे तो मालवणीत टिंगल करतो, पुढं बसलेली पोरं खिदळतात, मग विष्णू त्याला मारतो. संवाद लिहिलेले नसतात. समोरचं गाव बघून नट ते रचतो.

केल्टिक कल्पनाशक्तीही अशीच उघड्यावरची. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात लाटून इथं रस्त्याच्या कामात यक्षांचं मानलेलं एक काटेरी झाड जाणार होतं. 1999 साली कथेकरी एडी लेनिहान यांनी त्यासाठी जाहीर मोहीम उघडली आणि झाड राखलं गेलं. सिंधुदुर्गातल्या देवरायांतही कोयता आत न्यायला माणूस कचरतो तो राखणदाराच्या धाकानं. मनोविश्लेषणानं एवढं लाकूड वाचवल्याचं ऐकिवात नाही.

कोणी म्हणेल, याच देवांपायी पहिला मान कोणाचा म्हणून भावकीत डोकी फुटतात, जत्रा बंद पडतात. खरं आहे, आणि ते लाजिरवाणंही आहे. पण मनातल्या सावलीच्या मानपानासाठी कोणी ओरोसच्या कोर्टात दावा लावत नाही.